बिनगव्हाचे अप्पा

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका फाटकाबाहेर कडुनिंब आहे आणि त्याला पोळ्या लागतात. हे मी पहिल्यांदा मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. पण ते खरं आहे. मी पहिल्या दिवशी तिथे गेले तेव्हा झाडाच्या खालच्या फांद्यांना तारेचे आकडे होते आणि आकड्यांना डबे लटकत होते. स्टीलचे, प्लॅस्टिकचे, एक फडक्यात बांधलेला. वारा आला की एकमेकांवर हलके आपटायचे.

फाटकावर करीमचाचा होते. त्यांनी माझी कॉलेजची चिठ्ठी पाहिली नाही. पहिला प्रश्न विचारला, "बेटी, डब्बे में क्या है?"

"पोळी-भाजी."

"भाजी अंदर, पोळी झाड पे," ते म्हणाले आणि माझ्या हातातून पोळ्यांचा कप्पा वेगळा करून त्यांनी एका रिकाम्या आकड्याला अडकवला. "जेवन के वक्त बाहर आके खाव. खाके हात धोव, चूळ भरो, फिर अंदर जाव. अप्पा का कानून है. मेरेकू नक्को पूछो."

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. अभ्यासक्रमात एखाद्या कारखान्यात प्रशिक्षण घ्यायचं होतं आणि विभागातल्या मॅडमनी मला इथे पाठवलं होतं. लासूर स्टेशनहून रोज गाडीने यायचं, रोज जायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रशिक्षण म्हणजे काय हे घरी कुणाला ठाऊक नव्हतं. कारखाना बीअरचा आहे, हे तर मी सांगितलंच नव्हतं. ज्वारीचा कारखाना आहे, एवढंच म्हटलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

जगभर बीअर जवाची करतात, कधी गव्हाची. या दोन्ही धान्यांत ग्लुटेन नावाचा चिवट पदार्थ असतो. त्याच्यामुळेच कणीक ताणली जाते. पण काही माणसांच्या आतड्यांना तो अजिबात सोसत नाही. अशा माणसांनाही पिता यावी म्हणून या छोट्या कारखान्यात ज्वारी, बाजरी, राळा आणि राजगिरा यांची बीअर होत होती. हे सगळं डोकं होतं खरवडे अप्पांचं.

अप्पा मूळचे देवगाव रंगारीचे. उंच, थोडे वाकलेले, पांढरा सदरा आणि सदऱ्याच्या खिशात कायम भाकरीचा चतकोर. चहा आला की तो चतकोर काढून बिस्किटासारखा बुडवून खायचे. माणसांना नावाने हाक मारायची त्यांना सवय नव्हती, गावाने मारायचे. चक्की चालवणारे साहेबराव म्हणजे 'गंगापूर'. मी 'लासूर'. करीमचाचा शहरातलेच असल्यामुळे त्यांना नुसतं 'चाचा'.

"लासूर, आज काय खाल्लं?" हा त्यांचा नमस्कार असे. मी भाकरी म्हटलं की चेहरा उजळायचा. पोळी म्हटलं की ते एक पाऊल मागे सरकायचे.

उभी हयात त्यांनी एका मोठ्या कंपनीत जवाची बीअर केली होती. रोज चव घ्यायची हे कामच होतं. पोट दुखायचं, ते म्हणायचे काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, आमटीने दुखतं. काकूंनी आमटीतला चिंच-गूळ बदलला, तेल बदललं, शेवटी पातेलं बदललं. निवृत्तीच्या सुमारास डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की तुम्हाला ग्लुटेन चालत नाही. गहू बंद, जव बंद, म्हणजे पोळी बंद आणि बीअरही बंद.

"आमटी निर्दोष सुटली," अप्पा हे सांगताना म्हणत. काकूंची माफी एवढ्याच शब्दांत मागितली गेली होती.

मग त्यांनी भाच्याला, परागदादांना, गळ घातली. परागदादा पुण्याला शिकून आले होते आणि त्यांना स्वतःचा कारखाना काढायचा होताच. मामांनी अट घातली की जव आणि गहू फाटकाच्या आत येणार नाही. दाण्याच्या रूपात नाही, पिठाच्या रूपात नाही, कुणाच्या दाताच्या फटीतूनही नाही.

हा शेवटचा भाग ते अक्षरशः पाळायचे. एकदा ओळखीतले एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. अप्पांनी हात मागे घेतले.

"पाकीट कशानं चिकटवलंय?"

"आँ? खळीनं. घरीच चिकटवली पोरांनी."

"मैद्याची खळ?"

"मंग कशाची?"

"तिथंच धरा," अप्पा म्हणाले. त्यांनी फाटकाच्या आतून, चष्मा वर करून, गृहस्थांच्या हातातली पत्रिका वाचली. गृहस्थ उन्हात पत्रिका धरून उभे राहिले आणि अप्पांनी सांगितल्यावर उलटली. "येतो लग्नाला," अप्पा म्हणाले. "जेवनार नाय, पन येतो."

चार बीअरना त्यांनी नावं दिली होती. ज्वारीची ती थोरली, बाजरीची मधली, राळ्याची धाकटी. राजगिऱ्याची उशिरा सुचली, म्हणून ती पाहुणी. टाक्यांपाशी उभे राहून ते घरातल्या मुलींबद्दल बोलावं तसं बोलत. "मधली जरा रागीट हाय, हिला थंडाव्यात ठेवा." "धाकटीचा रंग उजळला का रं, गंगापूर?" पाहुणीमुळे मात्र फोन यायचे. एका एकादशीला कुणीतरी विचारलं की राजगिरा आहे तर उपवासाला चालेल का. अप्पांनी बराच वेळ विचार केला. मग अतिशय गंभीरपणे म्हणाले, "राजगिरा चालतो. यीस्ट उपवासाला चालतं का, ते तुमच्या घरच्या मोठ्या बाईला इचारा." आणि फोन ठेवला.

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते.

प्रत्येक आंबवण तयार झालं की त्याची तपासणी अप्पा स्वतःच्या पोटावर करायचे. डॉक्टरांनी, काकूंनी आणि परागदादांनी त्यांना हे करू नका म्हणून सांगितलं होतं. तरीही बाथरूमच्या दारासमोर एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची कायमची ठेवलेली होती. अप्पा एक पेला भरून घ्यायचे, सावकाश प्यायचे आणि खुर्चीवर बसायचे. बाथरूमचं दार उघडं ठेवायचे. तो दुपारचा वेळ कारखान्यात सगळे हळू बोलायचे. दार उघडंच राहिलं तर आंबवण पास.

मी एकदा धीर करून म्हटलं, "अप्पा, ही पद्धत आमच्या पुस्तकात नाही. प्रयोगशाळेत पाठवलं तर आकडा कळतो."

"पाठवू की. पन आधी हितं. पोट खोटं बोलत नाय, लासूर."

ते चुकत होते असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पोट उशिरा बोलतं, आणि बोलेपर्यंत नुकसान झालेलं असतं. पण एवढं सगळं त्यांच्यासमोर बोलण्याचं धाडस माझ्यात नव्हतं.

दसऱ्याच्या तोंडावर परागदादांनी अप्पांना केबिनमध्ये बोलावलं. केबिनला दार नव्हतं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"मामा, बाटलीवर ग्लुटेनमुक्त छापायचं तर प्रयोगशाळेचा कागद पाहिजे. चारही एकदम पाठवू. एक जरी नापास झाली तर मी जवाचा ट्रक मागवतो. सगळे जवाचीच करतात, आपणही करू. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतो."

"जव आत आला तर म्या बाहेर."

"मी असं म्हटलं नाही, मामा."

"तू नको म्हनू. पोट म्हनंल."

परागदादा वाईट नव्हते. नवी चक्कीही त्यांनीच आणली होती, खास, कारण जुनीवर पूर्वी कुणीतरी जव दळला असावा अशी अप्पांना शंका होती. नवी चक्की खोक्यातून निघाली तेव्हा अप्पा तिच्याभोवती फिरले. म्हणाले, "ही घरात आलेली सून हाय. खंडेनवमीला ओटी भरल्याबिगर हिला कामाला लावायची नाय."

खंडेनवमीला आमच्याकडे सगळीकडेच अवजारांची, यंत्रांची पूजा होते. पण त्या दिवशीसारखी काटेकोर पूजा मी पाहिली नाही. अप्पांनी आदल्या दिवसापासून प्रत्येक वस्तू तपासली. प्रसादाला रव्याचा शिरा नाही, राजगिऱ्याचे लाडू. कणकेचे दिवे नाहीत, मातीचे. उदबत्तीची काडी कशात बुडवलेली असते, हे त्यांनी दुकानदाराला विचारलं. हार करणाऱ्या बाईला हात धुवायला लावले. पूजा सांगायला आलेल्या गुरुजींना फाटकावर चाचांनी चूळ भरायला लावली. गुरुजींनी मंत्र म्हणायच्या आधी आचमन करावं तसं ते केलं.

मग काकू पुढे आल्या. हिरवी साडी, डोक्यावर पदर. त्यांनी चक्कीला हळदीकुंकू लावलं. धान्य ओततात त्या चाडीत खण ठेवला, नारळ ठेवला आणि सूप उचललं.

"भर भर, शांता," अप्पा म्हणाले, "पैलीच सून हाय. हात आखडू नको."

काकूंनी हात आखडला नाही. ओंजळीवर ओंजळ टाकली आणि शेवटी सूपच रितं केलं. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. अप्पांचे डोळे मिटलेले होते.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि चक्की सुरू झाली. थोरली तयार झाली तेव्हा दिवाळी जवळ आली होती. रंग सुंदर आला होता, जुन्या पितळेसारखा. अप्पांनी पेला भरला, उजेडात धरला, प्यायले आणि खुर्चीवर जाऊन बसले. आधी ते गप्पा मारत होते. मग गप्प झाले. मग कपाळावर घाम आला. मग उठले, आणि बाथरूमचं दार बंद झालं.

ते किती वेळ बंद होतं ते मी मोजलं नाही. परागदादा केबिनमधून बाहेर आले, दाराकडे पाहिलं आणि परत आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात गव्हाचा शोध सुरू झाला. अप्पा पिवळे पडले होते, पण खुर्ची फाटकात टाकून बसले. आमचे खिसे पाहिले. माझ्या ओढणीचं टोक झटकायला लावलं. साहेबरावांच्या मिशा त्यांनी भिंगातून पाहिल्या.

"गंगापूर, परवा सासुरवाडीला गेलता ना? पुरनपोळी खाल्ली?"

"खाल्ली, अप्पा. पन मिशीला नाय लागली. मी वाकून खातो."

सगळ्यात मोठा संशय चाचांवर आला, कारण त्यांच्या खोलीत ग्लुकोज बिस्किटांचा पुडा सापडला.

"चाचा, हे काय?"

"मेरी चाय का है. मैं अंदर कभी आता ही नै, अप्पा. मैं तो बाहर का आदमी."

"वाऱ्यानं भुगा येतो."

"वारा उधर से इधर चलता," चाचा म्हणाले आणि त्यांनी ओली करंगळी हवेत धरून दाखवली. तरी पुडा कडुनिंबाच्या सगळ्यात वरच्या फांदीवर गेला. साहेबरावांनी शिडी लावून चढवला. चाचा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. नुसते वर पाहायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकू अप्पांसाठी मऊ भात घेऊन आल्या. अप्पा भात चिवडत होते, आम्ही आजूबाजूला होतो. काकू सहज म्हणाल्या, "अवो, चक्कीच्या ओटीतला गहू कुठं ठिवलाय? सांगीन सांगीन म्हनते आन् ऱ्हाऊन जातंय. ओटीचा गहू तसाच ठिवू नये, त्याची खीर करायची असती."

अप्पांचा घास हातातच राहिला.

"गहू?"

"मंग? ओटी कशाची भरतात?"

अप्पांनी साहेबरावांकडे पाहिलं. साहेबरावांनी टोपी काढली.

"गंगापूर. चाडीतून काय काय काढलंस?"

"खन काढला. नारळ काढला. देवापुढं ठिवलं."

"आन् गहू?"

"अप्पा, पूजेचं धान्य," साहेबराव रडवेले झाले. "ते सांडवायचं नसतं, झाडून काढायचं नसतं. म्हनून म्या त्याच्यावरूनच ज्वारी वतली. हात जोडून वतली."

मला ती पूजा डोळ्यांसमोर दिसली. आम्ही सगळे तिथे होतो. उदबत्तीची काडी तपासली होती, गुरुजींच्या तोंडातली चूळ तपासली होती. सूपभर पिवळाधमक गहू आमच्या डोळ्यांदेखत चक्कीत गेला आणि कुणालाच तो गहू दिसला नाही. आमच्यासाठी ती ओटी होती.

"माझ्याच म्होरं भरली," अप्पा हळूच म्हणाले. "म्याच म्हनलं, हात आखडू नको."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं पुन्हा पोटात कळ आली. पण ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि काकू पाठ चोळायला लागल्या. पण काकू हसत नव्हत्या.

"सूप कशाला रितं केलंस गं?"

काकू पदराचं टोक चाचपत राहिल्या. "घरात गहू येऊन किती वर्सं झाली. भावाकडून मागवला व्हता. हातात घेतला तर सोडवंना. म्हनलं, जास्त भरला तर खिरीला जास्त यील. तुमाला चालत नाय, म्या एकलीच खाल्ली असती. झाडाखाली बसून."

अप्पा उठले, फाटकापाशी गेले आणि चाचांना म्हणाले, "चाचा, शिडी आना. बिस्कुट निर्दोष सुटलं."

"मैं तो पैलेच बोला था," चाचा म्हणाले, पण शिडी आणायला धावत गेले.

थोरली ओतून द्यावी लागली. त्यासाठी उत्पादन शुल्क खात्याचे साहेब समोर हवेत असा नियम आहे. साहेब आले ते वाटेत समोसा खाऊन. फाटकावर त्यांनाही चूळ भरावी लागली. चाचांनी तांब्या धरला होता आणि साहेब गाडीच्या टायरपाशी वाकून खळखळा चुळा भरत होते. आत अप्पा नळीपाशी सावधान उभे होते. पितळेच्या रंगाचं पाणी गटारात जात होतं. साहेब म्हणाले, "वास छान आहे हो." अप्पा म्हणाले, "गव्हाचा गुण."

चक्की आम्ही सगळ्यांनी मिळून उघडली. रोलरच्या खाचांत दाणे अडकले होते. ब्रशने निघेनात. काकूंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि खाली बसून एकेक दाणा वेचायला सुरुवात केली. अप्पा शेजारी बॅटरी धरून बसले होते.

"पुढच्या बारीला ओटी ज्वारीची," अप्पा म्हणाले.

"ज्वारीची भरत नसतात."

"मंग तांदळाची?"

"तांदळाची चालती की."

"चालती? मंग आधी का नाय भरली?"

"तुमी इचारलं का?" काकू दाणा वेचत म्हणाल्या. "तुमी फकस्त उदबत्तीला इचारलं."

या सगळ्या दिवसांत घरी एक गोष्ट झाली, तीही सांगते. आईने मला विचारलं की त्या कारखान्यात ज्वारीचं करतात तरी काय.

"भिजवतात. मोड आणतात. वाळवतात."

"ते म्या बी करते. मंग?"

"मग दळतात. उकळतात."

"मंग?"

"आंबवतात."

आईने लसूण सोलायचा थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"आन् मंग पितात," ती म्हणाली. तिने पुन्हा लसूण सोलायला घेतला. "अंबिलीची लांबची बहीनच म्हनायची. त्या अप्पाचं पोट बरं हाय का आता?"

अप्पांच्या पोटाची बातमी मी रोज सांगायचे, तेवढं तिने धरून ठेवलं होतं.

थोरलीचं दुसरं आंबवण तयार झालं ते नेमकं तुळशीच्या लग्नाच्या दिवशी. माझ्या प्रशिक्षणाचा तो शेवटचा दिवस होता. परागदादा सकाळपासून फोन हातात घेऊन फिरत होते. जवाचा ट्रकवाला त्यांच्या होकाराची वाट पाहत होता. काकूंनी, डॉक्टरांचं नाव घेऊन, पेला पुढे केलाच नाही. अप्पांनी तो स्वतः घेतला आणि स्वतःच भरला. प्यायले. पेला तोंडाला लावताना काकूंकडे एकदा पाहिलं. मग जाऊन खुर्चीवर बसले.

आधी गप्पा मारल्या. मग गप्प झाले.

साहेबराव चक्की पुसत होते, ती आधीच पुसलेली होती. मी एकच नळी तिसऱ्यांदा धूत होते. परागदादा केबिनच्या चौकटीला टेकून उभे होते. कुणीही बाथरूमच्या दाराकडे पाहत नव्हतं आणि सगळ्यांचं लक्ष तिथेच होतं.

माझ्या गाडीची वेळ झाली. निरोप घ्यायला मी खुर्चीपाशी गेले आणि थांबले. अप्पांची मान छातीवर टेकली होती. तोंड थोडं उघडं होतं. सदऱ्याच्या खिशातला भाकरीचा चतकोर श्वासाबरोबर वर-खाली होत होता. ते गाढ झोपले होते आणि हळू घोरत होते. समोर बाथरूमचं दार सताड उघडं होतं.

परागदादांनी पाहिलं. हातातल्या फोनवर ते कुणाला तरी अगदी हळू म्हणाले, "नको. ट्रक नको."

मी अप्पांना उठवलं नाही. पाया पडायचं होतं, तर लांबूनच वाकले. प्रयोगशाळेचा कागद पुढे काही दिवसांनी आला, चारही पास झाल्या, असं साहेबरावांनी कळवलं. पाकीट फोडायची कुणाला घाई नव्हती, आणि अप्पांनी आधी ते कशाने चिकटवलंय ते विचारलं म्हणे.

त्या दिवशी मी फाटकातून बाहेर पडले तेव्हा कडुनिंबाखाली सतरंजी टाकून काकू बसल्या होत्या. पुढ्यात डबा उघडा होता. गव्हाची खीर. शेजारी चाचा बिस्किटाचा पुडा मांडीवर घेऊन चहा पीत होते.

"बस गं लासूर, वाटीभर खा," काकू म्हणाल्या. त्याही मला तीच हाक मारत होत्या. "यांनीच सांगितलं, झाडाखाली बसून खा म्हनून. झोपले का?"

"झोपले."

काकूंनी चमचा खाली ठेवला. एकदा फाटकाच्या आत पाहिलं, पदराने तोंड पुसलं. मग वाटी भरून माझ्यापुढे केली आणि स्वतःच्या खिरीत पुन्हा चमचा बुडवला, हात न आखडता.